नव्या हॉटेलची पाटी

गावात नवे देऊळ झाले तर माणूस चपला काढून लांबूनच नमस्कार करतो आणि पुढे जातो. नवी शाळा निघाली तर फी किती एवढेच विचारतो. नवा दवाखाना निघाला तर तिथे जायची पाळी न येवो, असे मनातल्या मनात म्हणतो. पण नवे हॉटेल निघाले की साऱ्या गल्लीला आपल्याच घरी कार्य निघाल्यासारखे वाटू लागते. जागेचे भाडे किती, आचारी कुठला, गल्ल्यावर कोण बसणार, बायकापोरांना घेऊन बसता येईल असा आडोसा आहे की नाही, या प्रश्नांचा खल आधी कट्ट्यावर होतो, मग जिन्यात होतो आणि शेवटी स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचतो.

आमच्या राजारामपुरीत सध्या असाच खल चालू आहे. त्याचे कारण म्हणजे एक पाटी. पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहिले आहे : ‘अस्सल तुर्की जेवण’.

आता कोल्हापूरच्या माणसाला ‘अस्सल’ या शब्दाचा मोठा अभिमान. पण तो त्याने स्वतःच्या मटणासाठी राखून ठेवलेला. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, मिसळीवरचा कट आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध या चार गोष्टींपुढे जगात आणखी काही खाण्याजोगे असेल, हे तो सहजासहजी कबूल करीत नाही. पुण्याच्या मिसळीकडे तो आजाऱ्याच्या पथ्याकडे पाहावे तसे पाहतो. मग तुर्कस्तान तर पुण्याच्याही पलीकडे!

त्यामुळे गल्लीत तीन पक्ष पडले. पहिला पक्ष कॉलेजातल्या पोरांचा. ‘सर, एकदा खाऊन तर बघू’ एवढाच त्यांचा जाहीरनामा. दुसरा पक्ष धुराचा आणि वासाचा. रात्री अकरापर्यंत मांस भाजत राहिले तर वरच्या मजल्यावरच्या माणसांनी झोपायचे कसे, असे त्याचे म्हणणे, आणि ते अगदीच चुकीचे नाही. तिसरा पक्ष मात्र गंभीर. आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त मामलेदार या पक्षाचे पुढारी. ते म्हणाले, “सर, २०२५ सालचा मे महिना आठवतो ना? आपली पाकिस्तानशी चकमक चालली होती, तेव्हा हे तुर्क कुणाच्या बाजूने उभे राहिले? आणि आता त्यांच्या नावाने आपल्या गल्लीत ताटं मांडायची?”

प्रश्न रास्त होता. त्या महिन्यात पुण्याच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदे घ्यायची नाहीत असे ठरवले होते, आणि त्यात त्यांनी आपला धंदा पणाला लावला होता. तो राग दिखाऊ होता असे मी म्हणणार नाही. परंतु मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. समोरचा काय म्हणतो याच्याबरोबरच तो कोणत्या शब्दांत म्हणतो, याकडेही त्याचे लक्ष जाते. मी म्हणालो, “मामलेदारसाहेब, तुम्ही ‘चकमक’ म्हणालात. हा शब्दच तुर्की आहे.”

मामलेदारांना ते आवडले नाही. पण गोष्ट खरी आहे. चकमक तुर्की, तोफ तुर्की, कुमक तुर्की, तंबूभोवतीची कनात तुर्की, दरबारातला एलची तुर्की आणि बेगमही तुर्कीच. मशालची, तबलची, खजानची, बावर्ची यांच्या शेपटाला लागलेला तो ‘ची’सुद्धा तिकडचाच. ज्याचा धंदा करायचा त्याच्या नावाला ‘ची’ लावायचा, ही तुर्की रीत. हे शब्द इस्तंबूलहून जहाजात बसून आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मध्य आशियातल्या तुर्क घराण्यांच्या फौजांबरोबर, फारसीचे बोट धरून ते दिल्लीला आले, तिथून दख्खनेत उतरले आणि इथे मराठी लुगडे नेसून बसले. कोरमा हाही त्यांतलाच. ‘कावुर्मा’ म्हणजे परतलेले, भाजलेले मांस. त्याचा आपल्या भटारखान्यात कोरमा झाला.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि परकी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या कोशात भोग्यवर्ग नावाचा एक स्वतंत्र वर्ग आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. राज्याचा कारभार मराठी करायचा तर मुदपाकखान्यापर्यंत पोचले पाहिजे, ही त्या राजाची दृष्टी. पण दरबारातला शब्द हुकमाने बदलता येतो, जिभेवरचा बदलत नाही. त्यामुळे कोशातले बरेचसे शब्द कोशातच राहिले, आणि तोफेचे बार मात्र आपण आजही तोफ म्हणूनच उडवतो.

असो. शब्दांनी पोट भरत नाही. एका रविवारी आम्ही सहकुटुंब त्या हॉटेलात गेलो.

मालक निघाला गडहिंग्लजकडचा! आखातातल्या एका तुर्की खाणावळीत सात वर्षे भांडी घासण्यापासून भट्टी सांभाळण्यापर्यंत सारे करून आलेला. आचारी त्याचा मावसभाऊ. म्हणजे ‘अस्सल तुर्की’ या पाटीखाली तुर्कस्तानचा म्हणावा असा एकही माणूस नव्हता. आमच्या शेजारच्या टेबलावर एक पैलवानी बांध्याचे गृहस्थ बसले होते. त्यांनी पुढ्यातला कबाब दोन घासांत संपवला आणि पोऱ्याला हाक मारली, “अरं, ह्याच्यासंगं रस्सा मिळंल काय?” पोऱ्या गोंधळला. मालक मात्र जराही न गोंधळता म्हणाला, “मिळंल की, मालक. वाटी आणू का वाडगा?” त्या क्षणी तुर्कस्तानचे कोल्हापूर झाले.

माझ्यापुढे जे ताट आले, त्यात मला फारसे परके असे काही दिसेना. ‘दोल्मा’ म्हणजे भरलेली भाजी. आपण वांगी भरतो, ते मिरच्याही भरतात आणि द्राक्षाची पानेही भरतात. ‘चोरबा’ म्हणजे आपला शोरबा. ‘पिलाव’ म्हणजे पुलाव. ‘आयरान’ म्हणजे मीठ घातलेले ताक. हे कळल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, ताकासाठी का एवढे पैसे मोजायचे?” वांग्याचा एक तेलकट प्रकार होता, त्याचे नाव ‘इमाम बायिल्दी’. त्याचा अर्थ, इमामसाहेब मूर्च्छित पडले. चवीने पडले की तेलाचा खर्च ऐकून पडले, याविषयी तिकडेही दोन मते आहेत. गंमत अशी की वांगे मूळचे आपल्या बाजूचे. इथून इराणात, तिथून अरबस्तानात आणि मग तुर्कस्तानात गेले. तुर्क त्याला ‘पातलिजान’ म्हणतात. संस्कृतातल्या ‘वातिंगण’ या शब्दाचाच तो लांबचा पणतू. म्हणजे माहेरची लेक सासरहून मुलेबाळे घेऊन आली होती, आणि आम्ही तिला परकी समजत होतो.

मिरचीची गोष्ट तर याहून मौजेची. आमचा तांबडा रस्सा ज्या मिरचीवर मिशीला पीळ देतो, ती मिरची पोर्तुगीजांनी अमेरिकेकडून आणलेली. साडेपाचशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात रस्सा होत असलाच तर तो तिखट मिऱ्याचा असणार. संकेश्वरी नव्हती, ब्याडगी नव्हती, लवंगीही नव्हती. तीच मिरची तुर्कांकडेही गेली आणि त्यांच्या मराश आणि उर्फा या गावांनी तिला आपली करून टाकले. आता मराशच्या माणसाला कुणी सांगावे की, बाबा, तुझी मिरची परदेशी आहे. तो आपल्या कोल्हापूरकरासारखाच बाह्या सरसावील!

आणि बाह्या सरसावल्याच तर दोघांचे जमण्यासारखे आहे. तुर्की भाषेत कुस्तीगिराला ‘पेहलिवान’ आणि मोकळ्या जागेला ‘मेयदान’ म्हणतात. एदिर्ने गावाजवळच्या किर्कपिनारला दरवर्षी पैलवान अंगाला तेल चोपडून हिरवळीवर झुंजतात. आमचे तांबड्या मातीत लोळतात, एवढाच फरक. आमचे खासबाग मैदान तरी कुठले? १९०२ साली शाहू महाराज विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहून आले आणि १९१२ साली कोल्हापुरात मैदान उभे राहिले. कल्पना रोमची, माती इथली, आणि त्या मैदानाला परदेशी म्हणण्याची छाती आज कोल्हापुरात कुणाला होईल?

पण वाचकहो, हे सारे जिभेचे झाले. जिभेचे भांडण फार दिवस टिकत नाही, कारण जीभ लाचावते. हॉटेलचा खरा प्रश्न जिभेचा नसून पंगतीचा आहे. काय खाल्ले याहून कुणाच्या हातचे खाल्ले आणि कुणाच्या शेजारी बसून खाल्ले, यावरून माणसांनी अधिक डोकी फोडली आहेत.

पुन्हा तुर्कांचेच उदाहरण घ्या. इस्तंबूलमध्ये पहिली कॉफीची दुकाने १५५५ च्या सुमारास निघाली. अलेप्पो आणि दमास्कस या शहरांतून आलेल्या दोघांनी ती काढली, असे तिथला इतिहासकार लिहून ठेवतो. कॉफी ती काय, कडू काढा! पण त्या काढ्याच्या निमित्ताने मौलवी, शिपाई, कारकून, व्यापारी, रिकामटेकडा कवी असे सगळे एका बाकावर बसू लागले. बसले की बोलू लागले आणि बोलू लागले की राज्यकारभाराविषयी बोलू लागले. १६३३ साली सुलतान चौथा मुराद याने ती दुकाने बंद करवली. सुलतानाचा राग कॉफीवर नव्हता, त्या बाकावर होता.

आपल्याकडे तो राग सुलतानाने करावा लागला नाही, आपला आपणच केला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानाच्या निमित्ताने जमवले. पुढे चहा आला, बिस्किटे आली. कुणी प्याले, कुणी नुसताच कपाला हात लावला. नंतर हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात जो गहजब झाला तो काही वर्षे शमला नाही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते निघाली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक, एरवी एकमेकांशी न पटणारे हे दोन पर्वत, त्या एकाच कपात सापडले. ब्रिटिश साम्राज्याला न भिणारी माणसे, पण कपभर चहाने त्यांना धर्मपीठापुढे उभे केले!

आता कोल्हापूरला या. ही गोष्ट इथल्या मातीतली आहे. ती कोल्हापूरच्या प्रत्येक मुलाला रस्स्याच्या कृतीआधी सांगितली पाहिजे.

शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे एक नोकर होते. जातीने महार. स्पृश्यांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला हात लावला, एवढ्यावरून पागेतल्याच माणसांनी त्यांना गुरासारखे मारले. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. ते परत आल्यावर गंगाराम सोनतळीच्या छावणीवर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि पाठ दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, हे तर खरेच. पण एवढे केले असते तर ते इतर चांगल्या राजांसारखे एक चांगले राजे ठरले असते. त्यांनी गंगारामांना सांगितले की, नोकरी सोड आणि स्वतःचा धंदा कर.

गंगारामांनी धंदा काढला तो हॉटेलचा! तोही गावकुसाबाहेर नव्हे, कोल्हापूरच्या ऐन वस्तीत, भाऊसिंगजी रस्त्यावर. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. जरा कल्पना करून पाहा. ज्या माणसाच्या स्पर्शाने हौदातले पाणी बाटते, तो माणूस आता गावाला स्वतःच्या हातचा चहा देणार! गिऱ्हाईक कोण येणार? कुणीही आले नाही. नवी कपबशी, नवी किटली, आणि समोरून जाणारे लोक मान वळवून पलीकडच्या बाजूने जात होते.

मग एक दिवस महाराजांची गाडी त्या दारात थांबली. महाराजांनी तिथला चहा मागवला आणि घेतला. स्वतः घेतला इतकेच नव्हे, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. आणि हे एकदाच नाही, वरचेवर. बरोबरची मंडळी म्हणजे कोण? वाड्यावरचे, कचेरीतले, उच्च म्हणवणाऱ्या जातींचे. राजाने हातात दिलेला कप नाकारायचा कसा? पोटात चहा गेला, आकाश कोसळले नाही, आणि दुसऱ्या दिवशीही सूर्य पूर्वेलाच उगवला.

महाराजांचे हुकूमनामे पुष्कळ आहेत. १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा आहे, १९१९ चे सार्वजनिक ठिकाणी शिवाशीव पाळू नये असे सांगणारे आहेत. १९२० साली माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकर आणि महाराज एका व्यासपीठावर होते. या सगळ्यांवर प्रबंध लिहिले गेले. पण माझ्या मनाला विचाराल तर भाऊसिंगजी रस्त्यावरचा तो चहा कुठल्याही हुकूमनाम्याहून तसूभर कमी नाही. हुकूमनाम्याला पळवाट काढता येते, घशाखाली गेलेल्या चहाला काढता येत नाही. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी आपली राज्यघटना अमलात आली, आणि तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातिधर्मावरून कुणालाही अटकाव करता येणार नाही, असे कलमच आले. देशाच्या घटनेत हॉटेलाला जागा मिळाली, याचे वाचकांना नवल वाटेल. पण ज्या देशात खेड्यापाड्यांतल्या चहाच्या दुकानांत काही जणांची कपबशी वेगळी ठेवली जात होती आणि ती त्यांची त्यांनाच विसळावी लागत होती, त्या देशाच्या घटनेत ती नसती तरच नवल.

हे सारे मी एका संध्याकाळी मामलेदारांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सर, तुमचं म्हणणं कळलं. पण गंगाराम आपल्याच गावचे होते. हे तर दुसऱ्या देशाचं नाव लावून बसलेत.”

मी म्हणालो, “नाव दुसऱ्याचं खरं. पण भट्टीपुढं घाम गाळणारा गडहिंग्लजचा, कोंबडी आपल्या बाजारातली, पीठ इथल्या गिरणीतलं. तुर्कस्तानच्या सरकारला यातलं काय पोचतं? राग धरायचा तर तिथल्या राज्यकर्त्यांवर धरावा. त्याला मी आड येणार नाही. पण या पोरानं सात वर्षं परक्या मुलखात काढून कमावलेली विद्या बुडवून आपण कुणाला शिक्षा करणार?”

मामलेदार म्हणाले, “तरी मी जाणार नाही.”

“नका जाऊ,” मी म्हणालो. “न जाण्याचा हक्क तुम्हाला आहेच. दुसऱ्याला जाऊ न देण्याचा मात्र नाही.” यावर त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे मला अजून उमगलेले नाही. आमचे बोलणे मात्र थांबलेले नाही, आणि शेजारधर्मात तेवढे पुरे.

मला स्वतःला त्या हॉटेलचे भवितव्य फार उज्ज्वल वाटते असे नाही. वर्षभरात एक तर ते बंद तरी पडेल, नाहीतर तिथे तांबडा-पांढरा सुरू होऊन ‘दोनेर’वर कांदा-लसूण मसाला पडू लागेल. फिरत्या सळीवर भाजल्या जाणाऱ्या त्या मांसाच्या नावाचा अर्थच ‘फिरणारे’ असा आहे. जे इतके फिरत आले ते कोल्हापुरात येऊन तिखट झाले तर त्यात वावगे काय? तुर्की मजुरांबरोबर तेच जर्मनीत गेले आणि आज तिथल्या रस्तोरस्ती विकले जाते.

पण हॉटेल राहो वा जावो, त्याची परीक्षा कशी करायची याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ताटातला पदार्थ कुठल्या मुलखातला, हे शेवटी पाहावे. आधी पाहावे ते हे की, त्या दारातून कुणाला परत पाठवले जात नाही ना. फाटक्या चपलेचा हमाल आत आला तर पोऱ्या त्याच्यापुढेही तसाच स्वच्छ पेला ठेवतो ना. मागे भांडी घासणाऱ्या बाईला जेवायला बसायला जागा आहे ना, की ती मोरीशेजारी उकिडवी बसून जेवते. पुढच्या टेबलावर कुणीही बसले तरी मागच्या टेबलावरचा माणूस उठून जात नाही ना. आणि एखादा उठून गेलाच तर मालक त्याला थांबवण्यासाठी दुसऱ्याला उठवीत नाही ना.

या परीक्षेत किती नामांकित हॉटेले उतरतील कोण जाणे. घरे तर विचारूच नका. दिवाळीच्या या चार दिवसांत आपण फराळाची ताटे एकमेकांकडे पाठवतो. चकली खुसखुशीत झाली की नाही, याची चर्चा आठवडाभर पुरते. एखादे ताट दरवर्षीच्या ठरलेल्या घरांच्या पलीकडे, ज्या घरी ते आजवर गेलेले नाही अशा घरी, पाठवून पाहायला हरकत नाही. आणि तिकडून ताट आलेच तर त्यातले झाकून न ठेवता सगळ्यांदेखत खावे. भाऊसिंगजी रस्त्यावर एका राजाने शंभर वर्षांपूर्वी एवढेच केले होते, आणि त्यासाठी राजा असणे काही आवश्यक नाही.